नसलेल्या टोळीचा वास

पुण्यातल्या प्रयोगशाळेत बसून लांडग्यांचा वास तयार करण्यात मायाच्या उमेदीची वर्षं गेली होती, पण खैरमाळच्या अभयारण्यात जाऊन लांडगा बघावा असं तिला एकदाही वाटलं नव्हतं. कामाला त्याची गरजही पडत नसे. माळावरून लांडग्यांच्या मुताचे नमुने भरलेल्या, बर्फात घातलेल्या कुप्या यायच्या. तिची यंत्रं त्यांतला घटक न् घटक सुटा करायची. मग ती तोच वास नव्यानं जुळवायची, मोठमोठ्या डब्यांत भरायची आणि परत पाठवून द्यायची.

म्हणून अभयारण्यातल्या संशोधकाचा, इम्रान मुजावरचा, फोन आला तेव्हा ती गोंधळली.

“मॅडम, थोरलीची पिल्लं या वर्षीही गेली,” तो म्हणाला. थोरली म्हणजे तिथल्या टोळीची म्होरकी मादी. “तीन मेलेलीच जन्मली. चौथं थोडे दिवस जगलं, पण त्याला डोळेच नव्हते.”

“अरेरे. पशुवैद्य काय म्हणतात?”

“त्यांनी सांगण्यासारखं काही उरलं नाही. सगळी एकाच रक्ताची झालीत. बाहेरून कुणी येत नाही, आतलं कुणी जात नाही. तुमचं कुंपण फार चांगलं चाललंय, मॅडम.”

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. म्हणूनच तिला ते लागलं.

“मी येऊन काय करू? मी रसायनवाली बाई.”

“लांडगे शिकायला या,” इम्रान म्हणाला. “त्यांना काय वाटावं हे इतकी वर्षं तुम्ही ठरवताय. एकदा त्यांना बघून तरी घ्या.”

ते कुंपण तारेचं नव्हतं. तारेला लांडगा भीक घालत नाही. खालून उकरतो नाहीतर वरून उडी टाकतो. तो मानतो वासाला. प्रत्येक टोळी आपल्या हद्दीवरच्या दगडांवर, झुडपांवर मुतून खुणा ठेवते, आणि त्या चार थेंबांतून दुसऱ्या लांडग्याला सगळं समजतं. हा नर की मादी, म्हातारा की तरणा, धडधाकट की आजारी, इथून कधी गेला. परक्या टोळीची ताजी खूण नाकाला लागली की लांडगा मागं फिरतो. परक्या हद्दीत सापडला तर जीवच जायचा.

मायानं याचाच उपयोग केला होता. अभयारण्याच्या चारी कडांना गुडघ्याएवढे खांब रोवलेले होते. उन्हावर चालणारा छोटा पंप प्रत्येकातून ठरावीक वेळानं थेंब टाकायचा. असे प्रयोग आधीही झाले होते, पण काही महिन्यांत लांडगे ओळखायचे की इथं नुसता वास आहे, लांडगा नाही; कारण तो वास कधी बदलत नसे. मायानं तो बदलता केला. संगणकाच्या मदतीनं तिनं एक अख्खी टोळीच रचली. तिच्यात एक दांडगा नर होता, त्याची मादी होती, तरणी पोरं होती. पावसाळा सरला की मादी माजावर यायची, हिवाळ्यात तिच्या वासात दूध उतरायचं, पिल्लं मोठी व्हायची, एखादं म्हातारं आजारी पडून नाहीसं व्हायचं. जमिनीवर त्यांतला एकही लांडगा नव्हता. खैरमाळच्या लांडग्यांना मात्र ते शेजारी रोज भेटत होते.

तेव्हापासून माळाबाहेर लांडग्यानं मेंढरू नेलं नाही, आणि मेलेल्या मेंढरात विष भरून टाकायची पाळीही कुणावर आली नाही. दोन्हीकडची मरणं थांबली. मायाला त्याबद्दल मान मिळाला, मोठी जागा मिळाली. पण तिनं ते मानासाठी केलं नव्हतं, हे पांगरवाडीत सगळ्यांना ठाऊक होतं.

पांगरवाडी हे माळाच्या कडेचं धनगरांचं गाव, मायाचं माहेर. तिचं खरं नाव मायाक्का. ती नऊ वर्षांची असताना त्यांचा मेंढरांचा वाडा, म्हणजे फिरता मुक्काम, माळावर उतरला होता. सकाळी आई चुलीपाशी होती, आबा, तिचा बाप, कोकरं सोडत होता, आणि तिचा धाकटा भाऊ बिरू मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीपाशी खेळत होता. कुत्री एकदम भुंकली. सगळ्यांनी वळून बघितलं तेव्हा बिरू तिथं नव्हता. लांडग्याच्या पावलांचा माग ओढ्यापर्यंत गेला, आणि पुढं नुसता खडक. गावानं आठवडाभर माळ पालथा घातला. काही म्हणजे काही सापडलं नाही.

आबा त्या दिवसापासून लांडग्यांना शिव्या घालायचा आणि दुसरीकडं बिरूची वाटही बघायचा. दोन्ही एकाच तोंडानं.

माया गाडीतून उतरली तेव्हा आबा दारात बसून मेंढीच्या खुरातला काटा काढत होता. वय सत्तरीच्या पुढं, पण हात अजून स्थिर होता.

“फोन न्हाई, काय न्हाई. कशी आलीस गं?”

“माळावर काम हाय, आबा. लांडगे बघाय आलेय.”

आबानं मान वर केली. “लांडग्यात काय बघायचंय?” एवढंच म्हणून तो परत काटा शोधायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इम्राननं तिला टेकाडावरच्या मचाणात नेलं. वारा समोरून येत होता. पिवळ्या गवतात तिला आधी काहीच दिसेना. मग गवताचाच एक तुकडा उठून उभा राहिला आणि त्यानं अंग झटकलं.

“ती थोरली,” इम्रान हळू आवाजात म्हणाला.

लांडगा म्हणजे कुणीतरी मोठं, काळं, दात विचकणारं असं मायाच्या मनात बसलेलं होतं. ही तर हडकुळी, लांब पायांची, भुऱ्या अंगाची मादी होती. तिच्या कानाचं टोक फाटलेलं होतं. ती चालत थोड्या उंचवट्यावर गेली आणि खाली वळून बघत राहिली. गवतातून तिच्या मागोमाग नर आला, मग आणखी तिघं.

“टोळी टोळी म्हणतो आपण,” इम्रान म्हणाला, “पण ते घर असतं, मॅडम. आई, बाप आणि पोरं. मोठी पोरं धाकट्यांना सांभाळतात, शिकार करून पोटातून आणून भरवतात. आणि दोन वर्षांची झाली की घर सोडतात. शेकडो किलोमीटर जातात. कुठंतरी परकं कुणी भेटतं, नवं घर होतं. ती बघा, ती धाकली. तिची वेळ झालीय.”

धाकली अंगानं भरलेली, उमद्या चालीची होती. गळ्यात ठावठिकाणा सांगणारा पट्टा होता. ती एकटीच टोळीतून निघाली आणि दक्षिणेकडं दुडक्या चालीनं सुटली. वाटेत ससा उठला, तिनं बघितलंसुद्धा नाही. कुणीतरी हाक मारल्यासारखी ती सरळ चालली होती. मग खांबांची ओळ आली, आणि ती थांबली. थांबली म्हणजे कशी, तर चारी पाय रोवून. नाक जमिनीला लावलं. शेपटी पोटाखाली गेली. बराच वेळ ती तिथं येरझाऱ्या घालत राहिली, बाहेर बघत राहिली, आणि शेवटी मान खाली घालून परत फिरली.

“रोज जाते,” इम्रान म्हणाला.

मायानं दुर्बीण खाली ठेवली. धाकलीला कुणी अडवलं होतं ते तिला नावानिशी माहीत होतं. त्या दांडग्या नराला तिनंच गेल्या महिन्यात जरा जास्त तरुण केलं होतं.

आठवडाभर ती रोज मचाणात गेली. टोळीनं कसं झोपायचं, एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून कशी विचारपूस करायची, सकाळी कुणी आधी ओरडायचं, हे सगळं तिनं डोळ्यांनी शिकून घेतलं. थोरली रिकाम्या बिळात जाऊन हुंगायची आणि बाहेर येऊन बसायची. पिल्लं गेली तरी तिचं दूध अजून आटलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी मायानं अहवाल लिहून वनखात्याला पाठवला: पंप बंद करावेत. मग ती आबाकडं गेली. दुसऱ्या कुणाकडून त्याला कळायला नको होतं.

तिनं सगळं सांगितलं. आबानं खालमानेनं ऐकून घेतलं.

“म्हंजे लांडगा भाईर येणार,” शेवटी तो म्हणाला.

“व्हय. एखाददुसरा. न्हाई आला तर धा वर्सांत माळावर एकबी उरणार न्हाई.”

“न उरू दे की.”

“आबा...”

“बिरूला इसरलीस व्हय गं?” त्याचा आवाज चढला नाही. “म्या गावाला सांगत फिरतू, माज्या लेकीनं लांडगा बांदून घातला. दुसऱ्या कुनाच्या लेकराला आता भ्या न्हाई. आनि तू सोडाय निगालीस.”

“इसरले न्हाई. पर त्यांची बी लेकरं मरत्यात आबा, आनि ती माज्यामुळं मरत्यात.”

आबा उठला, काठी घेतली आणि मेंढरांकडं निघून गेला. माया आपली पिशवी घेऊन इम्रानच्या तळावर राहायला गेली. गावातली माणसंही तिच्याशी बोलेनाशी झाली.

खात्यानं परवानगी दिली. मेंढपाळांना वाघरीची उंच जाळी आणि राखणीची कुत्री दिली गेली. मग एका दुपारी मायानं स्वतः फिरून खांब न् खांब बंद केला. उन्हानं आणि वाऱ्यानं दोन-तीन आठवड्यांत वास विरून जाणार होता. तिनं मातीचे नमुने तपासले. वास खरंच गेला. यंत्राला त्यातलं काही सापडेना.

आणि लांडगे बाहेर पडले नाहीत.

धाकली रोज ओळीपर्यंत यायची. हुंगायची. काहीच नाही हे तिला कळत असावं, कारण एकदा तिनं पुढचा पाय ओळीच्या पलीकडं टाकला. तेवढ्यात मागून थोरली धावत आली. तिनं पोरीचं तोंड आपल्या जबड्यात धरलं, खाली दाबलं, आणि धाकली केविलवाणी कुंई कुंई करत जमिनीला चिकटली. थोरली तिला ढोसत ढोसत आत घेऊन गेली.

इम्राननं वहीत नोंद केली. “तिला तिच्या आईनं असंच शिकवलं असणार,” तो म्हणाला. “आपण खांब बंद केले, मॅडम. पण कुंपण आता खांबांत राहिलं नाही.”

 मायाला वासावर उतारा काढता आला असता. आईनं घातलेल्या धाकावर प्रयोगशाळेत काय काढणार?

पुढं उन्हाळा चढला. ओढे आटले, काळवीट पाण्यामागं दूर गेले. टोळीच्या बरगड्या दिसायला लागल्या. खांबांपलीकडं हिरवळ होती, शिकार होती, आणि लांडगे अलीकडं बसून तिकडं बघत होते.

एका सकाळी माया मचाणातून उतरली तर खाली बांधावर आबा बसलेला. खांद्यावर घोंगडी, बाजूला कुत्रं. तो बरेच दिवस तिथं येत होता, हे तिला इम्रानकडून नंतर कळलं.

“ती म्हातारी पोरीला सोडत न्हाई,” आबा माळाकडं बघत म्हणाला.

“न्हाई.”

“बिरू गेल्यावर म्या तुला असंच धरून ठिवलं हुतं. कमरंला दोरी बांदून बैलगाडीला अडकवायचो. याद हाय?”

“हाय.”

“तुज्या आईनं येक दिस दोरी कापली आनि तुला शाळंत नेऊन घातली. म्या लई मारलं तिला.” त्यानं कुत्र्याच्या मानेवरून हात फिरवला. “तिनं न्हाई कापली असती तर तू बी गाडीलाच ऱ्हायली असतीस.”

एवढं बोलून तो गेला. दोन दिवसांनी तो परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर म्हातारपणानं मेलेली एक मेंढी होती. इम्रान पुढं झाला.

“काका, द्या, मी उचलतो.”

“नगं. माज्या हातचा वास लागू दे तिला. ह्या वासाला ती पोरगी भ्यायची न्हाई, वळखीचा हाय.”

ओळीच्या पलीकडं, पंचवीसेक पावलांवर, त्यानं ती मेंढी गवतात ठेवली. ठेवताना त्यानं तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. ज्या माणसानं उभ्या जन्मात लांडग्याचं नाव थुंकल्याशिवाय घेतलं नव्हतं, तो लांडग्याला घास वाढून आला आणि बांधावर येऊन बसला. मायानं त्याला पाणी दिलं. तो प्यायला.

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी धाकली आली, हुंगून गेली. तिसऱ्या दिवशी थोरली टोळीसकट पाण्याच्या शोधात माळाच्या दुसऱ्या टोकाला गेली होती आणि धाकली मागं राहिली होती. ती आली, पोट जमिनीला घासत पुढं सरकली, मागं हटली, परत सरकली. आणि एकदम, पाण्यात उडी टाकावी तशी, ओळ ओलांडून मेंढीवर जाऊन पडली. भुकेल्या जिवानं अधाशासारखं खाल्लं. खाऊन झाल्यावर तिनं मान वर केली, चारी बाजूंना बघितलं. तिला कुणी मारायला आलं नाही.

ती आत परतली नाही. दक्षिणेकडं तोंड केलं आणि दुडक्या चालीनं निघाली.

“गेली,” आबा म्हणाला. “गेली गं पोरगी.” तो हसत होता, आणि मायानं त्याला बिरू गेल्यापासून असं हसताना बघितलं नव्हतं.

पुढचे दिवस पट्ट्यातून खुणा येत राहिल्या. धाकली उसाच्या फडांतून गेली, नदी ओलांडली, कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत पोचली. इम्रान नकाशा घेऊन आबाच्या घरी यायचा आणि दोघं मुलीच्या सासरची बातमी ऐकावी तसे बसायचे. कुणाचं मेंढरू गेल्याची तक्रार आली नव्हती. आबानं मायाला परत घरी राहायला बोलावलं. तिच्यासाठी भाकरी थापून ठेवू लागला.

इकडं थोरली रोज सकाळी ओळीशी यायची. धाकली जिथून गेली तिथं नाक लावायची, मग मान वर करून ओरडायची. लांब, चढत जाणारा तो आवाज असायचा, आणि संपल्यावर ती कान टवकारून थांबायची. पलीकडून काही यायचं नाही. ती परत ओरडायची. शिकारीला जाणं तिनं जवळजवळ सोडलं होतं.

आणि एक दिवस नकाशावरची खूण उलटी फिरली. धाकली परत येत होती. का, ते सांगता येणार नाही. तिकडं तिला तिच्या जातीचं कुणी भेटलं नसेल. भेटून पिटाळून लावलं असेल. ती आली त्याच वाटेनं, वेगानं. माळापासून दोन कोसांवर मालवाहतुकीचा नवा रस्ता होता. त्यावरून चालकाविना ट्रक जायचे. माणूस, गाय, म्हैस दिसली की ते ट्रक आपले आपण थांबत. लांडगा त्यांना कुणी शिकवलाच नव्हता.

इम्रान आणि माया पोचले तेव्हा धाकली रस्त्याच्या कडेला पडलेली होती. तोंड खैरमाळकडं होतं. अंगावर फारशी जखमही दिसत नव्हती.

आबाला सांगायला माया एकटी गेली. तो ऐकून घेऊन भिंतीला टेकून बसला.

“म्याच तिला भाईर काढली,” तो म्हणाला. “मेंढी घालून.”

“आबा, मी बंद केलं कुंपण. मीच घातलं हुतं.”

“म्हातारी आज बी वरडत हुती?”

“व्हय.”

त्या सकाळपासून मायाच्या डोक्यात एक विचार घोळत होता. तिनं तो बोलून दाखवला. धाकलीच्या वासाचे घटक तिच्याकडं होते. ती तो वास हुबेहूब जुळवू शकत होती. दर चार-आठ दिवसांनी ओळीपलीकडं थोडा थोडा टाकायचा; पोरगी सुखरूप आहे, खातीपिती आहे, कधीमधी येऊन जाते, असा. म्हातारी शांत होईल. शिकारीला जाईल, जगेल. कदाचित त्या वासामागं बाहेरही पडेल. हे तिला सहज जमण्यासारखं होतं. इतकी वर्षं तिनं दुसरं काय केलं होतं?

आबानं सगळं ऐकलं.

“तुला ठावं न्हाई,” तो म्हणाला. “बिरू गेला त्याच्या दुसऱ्या वर्सी येक जन आला. म्हनला, चिंचलीच्या जत्रंत तुजं पोर बघितलं, येका बैराग्यासंगं. म्या गेलो. पुढल्या वर्सी कुनी म्हनलं मिरजंत, हाटेलात कप इसळतंय. म्या गेलो. समद्यांनी बऱ्या मनानंच सांगितलं. मला बरं वाटावं म्हनून. तुजी आई मरताना दाराकडं बघत मेली. मी बी आजपातूर दिवस घातला न्हाई त्येचा. कसा घालू? आला तर काय म्हनंल?”

बाहेर मेंढरं हलली. त्यानं तिकडं लक्ष दिलं नाही.

“तिला खोटं सांगू नगं, मायाक्का. वाट बघाय लावू नगं. पोरगी मेली हाय तर मेली म्हून कळू दे तिला.”

शवविच्छेदन झाल्यावर मेलेला लांडगा जाळायचा असा नियम होता. वनखात्याच्या अधिकारी बाईंनी इम्रानचं म्हणणं ऐकून घेतलं आणि एका दिवसाची सवलत दिली. दुसऱ्या सकाळी तिघांनी मिळून धाकलीला माळावर आणलं. ओळीपलीकडं, मोकळ्या गवतात, तिला कुशीवर निजवलं. आबानं तिच्या अंगावरची रस्त्याची धूळ आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसली. मग तिघं वाऱ्याच्या खालच्या अंगाला बांधाआड बसले.

उजाडल्यावर थोरली आली. नेहमीच्या जागी थांबली. ओरडायला मान वर केली आणि वर केलेली मान तशीच राहिली. वारा तिच्याकडं जात होता.

तिनं ओरडणं टाकलं. ओळीवर ती इकडून तिकडं गेली, तिकडून इकडं आली. मागं टोळी अस्वस्थ होऊन उभी होती. नरानं एकदा तिच्या खांद्याला तोंड लावलं. तिनं त्याच्यावर दात काढले. खांबापाशी ती थांबली. तिचं सगळं अंग थरथरत होतं. आईनं तिला शिकवलेलं, तिनं पोरांना शिकवलेलं, ते तिच्या पायांत होतं. पलीकडं तिची पोरगी निजलेली होती.

तिनं पाय टाकला. मग दुसरा. ती चालत गेली, धावली नाही. धाकलीच्या तोंडाला तिनं तोंड लावलं, कान हुंगले, पोट हुंगलं. पुढच्या पायानं तिला हलवून बघितलं. मग परत हलवून बघितलं. शेवटी ती तिच्या पाठीशी, पाठीला पोट लावून, पिल्लांपाशी बसावं तशी बसली.

मायाला रडू आवरेना. तिनं पदर तोंडात कोंबला.

बऱ्याच वेळानं नर आला, ओळीवर क्षणभर अडखळून. मागून बाकीचे दोघं. सगळ्यांनी धाकलीला हुंगलं. कुणी ओरडलं नाही. उन्हं वर आल्यावर थोरली उठली. तिनं मागं खैरमाळकडं बघितलं, पुढं बघितलं, आणि पोरगी गेली होती त्या दक्षिणेच्या वाटेला लागली. टोळी तिच्या मागून गेली. गवत हललं, हलायचं थांबलं, आणि माळावर लांडगा उरला नाही.

इम्रान दुर्बीण घेऊन कितीतरी वेळ तसाच उभा होता. त्यांतल्या एकाच्याही गळ्यात पट्टा नव्हता. ती जगली की मेली हे आता कुणाला कळणार नव्हतं, आणि वाटेत तो रस्ताही होता.

आबा उठला. धाकलीपाशी गेला, खाली बसला. मायाही जाऊन त्याच्या शेजारी बसली. त्यानं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. त्याचा हात धाकलीच्या मानेवर होता.

“असा असतू व्हय लांडगा,” तो म्हणाला. मग कितीतरी वेळानं, “माज्या बिरूला असंच कुनीतरी आपल्या लेकरांसाटनी नेलं असंल.”

 मायानं त्याचा हात धरला.

“मायाक्का, ह्या सोमवारी बिरूचा दिवस घालू,” आबा म्हणाला. “लई वाट बघितली. आता न्हाई यायचा तो.”